सात नंबरच्या टेबलावर कोण जेवलं?

१

श्रावणातला सोमवार होता म्हणून संगप्पा बिराजदारांनी आपली नायगावची डाळमिल दुपारीच बंद केली. हमाल आणि चाळणीवरच्या बाया महादेवाच्या दर्शनाला निघून गेल्या. संगप्पा मात्र मागं राहिले. सत्तरी ओलांडली तरी दुपारी पाठ टेकायची ती मिलमध्येच, गोदामाच्या कोपऱ्यातल्या बाजेवर, हा त्यांचा नेम होता.

दोन वाजून गेल्यावर चाळणीवरची लक्ष्मीबाई विसरलेली छत्री न्यायला परत आली. पुढचं फाटक आतून बंद होतं. "मालक, ओ मालक" म्हणून तिनं हाका मारल्या, आणि कोणी ओ देईना तेव्हा वळसा घालून मागच्या गल्लीत गेली. तिथलं छोटं दार एरवी कुलपात असायचं. त्या दिवशी ते नुसतं लोटलेलं होतं. आत पाय टाकला तर तुरीच्या पोत्यांची थप्पी कोसळलेली, आणि पोत्यांखालून माणसाचा एक पाय बाहेर आलेला.

नायगाव ठाण्याची सब-इन्स्पेक्टर धम्मप्रिया गजभारे पोचली तोवर लोकांनी पोती बाजूला ओढून संगप्पांना बाहेर काढलं होतं. कपाळावरची विभूती रक्तात कालवली गेली होती, पण श्वास चालू होता. ॲम्ब्युलन्स नांदेडकडं पळाली. गोळा झालेली माणसं हळहळत होती. थप्पी नीट रचली नसेल, म्हातारं माणूस, नशीब वाईट.

संध्याकाळी नांदेडच्या दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला.

"मॅडम, अंगावर पोती पडली तर बरगड्या जातात, मान मुरगळते. यांच्या डोक्याच्या मागची जखम पोत्याची नाही, लोखंडाची आहे. आधी मारलंय, पोती नंतर पाडलीत."

धम्मप्रियानं गोदाम पुन्हा पाहिलं. पोती सरकवायची लोखंडी पहार जागेवर नव्हती.

संगप्पांना मारून कोणाचं काय साधणार होतं, याची उत्तरं गावानं लगेच दिली. शेजारचा आडत्या व्यंकट मिलच्या भिंतीवरून दोन वर्षं भांडत होता. पण तो त्या दिवशी भोकरला मेव्हण्याच्या तिसऱ्याला गेलेला होता आणि सगळ्या सोयऱ्यांत उठून दिसेल असा रडला होता. दुसरा आनंदराज, मिलच्या ट्रकचा ड्रायव्हर. पिऊन गाडी चालवतो म्हणून त्याला आठवड्यापूर्वी काढलं होतं, आणि दुपारी दीडनंतर तो फाटकावर थापा मारताना समोरच्या चहावाल्यानं पाहिला होता.

तिसरा घरचाच होता. संगप्पांचा पुतण्या मल्लिनाथ. आईबापाविना वाढला, काकानंच लहानाचा मोठा केला. बारा वर्षं मिल तोच बघायचा. आणि तीन दिवसांपूर्वी, शुक्रवारी, संगप्पांनी घरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं की मिल पुढं मंजुषा चालवील. मंजुषा त्यांची एकुलती लेक. लातूरच्या एका मोठ्या डाळमिलमध्ये चार वर्षं काम शिकून नुकतीच परत आली होती.

मागच्या दाराच्या किल्ल्या तिघांकडं होत्या. संगप्पा, मंजुषा आणि मल्लिनाथ.

"मी सकाळपासून नांदेडात होतो," मल्लिनाथ शांतपणे म्हणाला. चाळिशीचा, नीटनेटका माणूस. बोलताना आवाज चढत नव्हता. "मार्केट यार्डात काम होतं. दुपारी 'गोदाई'मध्ये जेवलो. हे बघा ना."

त्यानं फोन पुढं केला. हॉटेल गोदाई, नांदेड. टेबल नंबर सात. सोमवार, दुपारी सव्वा एक. दोन भाकरी, भरलं वांगं, वरण, ताक. पैसे मिळाले, धन्यवाद.

नांदेडहून नायगावला यायचं म्हणजे तास मोडतोच. सव्वा एकला ताट मागवणारा माणूस दोन वाजता नायगावच्या गोदामात असू शकत नव्हता.

ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी फोन बघितला आणि आनंदराजला आत टाकायला सांगितलं.

२

आनंदराज कोठडीत गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"म्याडम, मी पीत न्हाई. कधीच पेलो न्हाई. मालकाला कोणीतरी उलटंसुलटं सांगून दिलं. मी पाया पडायला आल्तो, मला परत घ्या म्हणून. फाटक कोणी उघडलंच न्हाई, तर परत गेलो."

"भिंत चढून आत गेलास म्हणतात."

"हा पाय बघा." त्यानं पँट वर केली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जुन्या ऑपरेशनचा व्रण होता. "क्लच दाबतो तेवढंच. भिंत कशी चढू?"

साहेबांना ते पटलं नाही. लंगडा माणूसही रागात भिंत चढतो, असं त्यांचं मत. मल्लिनाथच्या फोनचा टॉवर अहवाल धम्मप्रियानं मागवला, पण तो यायला आठवडा लागणार होता. तोवर आनंदराजवर आरोप पक्का झाला असता. दुसऱ्या दिवशी ती नांदेडला गेली.

'गोदाई' कॉलेज रोडला होतं. मालकीण सिंधुताई, पन्नाशीच्या, पदर खोचून काउंटरवर उभ्या. पोलीस बघून घाबरल्या नाहीत. उलट आपली व्यवस्था दाखवायला मिळाली म्हणून खूशच झाल्या.

"वेटर टिकंनात, मॅडम. म्हणून गेल्या वर्षी हे क्यूआर बसवून घेतलं. बसा, तुम्हीच करून बघा."

टेबलावर काचेसारख्या प्लास्टिकचा छोटा उभा स्टँड होता, त्यावर काळ्या चौकटींचा कोड, खाली आकडा पाच. धम्मप्रियानं त्याच्यावर कॅमेरा धरला. फोनवर गोदाईचं मेन्यूकार्ड उघडलं. वर लिहिलेलं, टेबल पाच.

"मी तर आकडा टाकला नाही."

"तो कोडातच हाय. दर टेबलाचा कोड येगळा. तुम्ही मागवलं की आत भटारखान्यात चिठ्ठी निघते, तिच्यावर टेबलाचा नंबर. पोरगं ताट घेऊन थेट तिथंच जातं. पैसे बी तिथंच फोनवर. हिकडं माझ्या स्क्रीनवर ते टेबल हिरवं होतं. गिऱ्हाईकाला काउंटरवर यायचं कामच न्हाई."

यादीच्या माथ्यावर श्रावण म्हणून उपवासाचे पदार्थ होते, साबुदाणा खिचडी, भगर, राजगिऱ्याची पुरी. त्याखाली नेहमीचं जेवण. धम्मप्रियानं भाकरी-पिठलं मागवलं. पैसे भरल्याबरोबर पडद्यावर एक निळं बटण आलं, 'पुन्हा हेच मागवा'.

"हे कशाला?"

"रोजच्या गिऱ्हाईकाला सोपं जावं म्हणून. पुढच्या येळी कोड उघडला की हे बटण दिसतं, एकदा दाबलं की मागच्या येळचं जसंच्या तसं येतं. यादी बघत बसायची गरज न्हाई."

कॅमेरा हॉटेलात एकच होता, काउंटरवर रोखलेला. सोमवारच्या चित्रात मल्लिनाथ नव्हता. पण टेबलावर पैसे भरून बाजूच्या दारानं निघून गेलेला माणूस त्यात दिसणारच नव्हता.

सात नंबरचं टेबल खिडकीशी होतं. त्यावर एक कुटुंब जेवत होतं. खिडकीच्या गजांना रंगीत कागदी झिरमिळ्या अजून चिकटून होत्या.

"कसला कार्यक्रम होता?"

"कॉलेजच्या पोरींचा. निरोपसमारंभ," सिंधुताई म्हणाल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळल्या.

सोमवारी त्या भागाला वाढणारा सुदर्शन तिशीतला, हडकुळा. प्रश्न ऐकायच्या आधीच मान हलवायला लागला.

"हाव मॅडम. सात नंबर. ताट मीच नेलं."

"माणूस कसा होता?"

"गर्दी होती, मॅडम. ठेवलं न् निघालो. चेहरा बघितला न्हाई."

"आणि ताट परत आलं तेव्हा?"

"पुसल्यावानी साफ. एक कण न्हाई राहिला." हे बोलताना तो फरशीकडं बघत होता.

तर माणूस जेवला होता. दुपारी धम्मप्रिया दवाखान्यात गेली. संगप्पा शुद्धीवर नव्हते. बाहेरच्या बाकड्यावर मंजुषा बसली होती, डोळे सुजलेले, पण बोलणं सरळ.

"दीडला अप्पांचा मला फोन आला होता. संध्याकाळच्या पूजेला बेल अन् केळी आण म्हणाले. आवाज एकदम खणखणीत. त्यानंतर तासाभरात लक्ष्मीबाईचा फोन."

"मल्लिनाथ कुठं होते?"

"दादा आमच्या आधी इथं पोचला. ॲम्ब्युलन्स आली तर तो दारातच उभा. बिचारा सकाळपास्न उपाशी. श्रावणी सोमवार तो लहानपणापास्न करतो, दिवसभर उपासाच्या पदार्थाशिवाय काही घेत न्हाई. त्या गडबडीत सोमवार सोडायचं बी त्याच्या ध्यानात राहिलं न्हाई. रात्री मीच दोन घास बळंच चारले."

धम्मप्रियाची लेखणी कागदावर थांबली.

दोन भाकरी, भरलं वांगं, वरण, ताक.

३

तिनं मल्लिनाथला दवाखान्याच्या आवारातच गाठलं. कडुनिंबाखाली, मोटारसायकलींच्या रांगेपाशी.

"तुम्ही सोमवार धरता म्हणे."

त्यानं मान खाली घातली.

"मंजूनं सांगितलं का? मॅडम, माझी एक विनंती आहे. तिला कळू देऊ नका. त्या दिवशी मी सोमवार मोडला."

"का?"

"शुक्रवारपासून डोकं ठिकाणावर नव्हतं. बारा वर्षं राबलो आणि काकांनी असा निर्णय घेतला. रागच आला होता मला, खोटं कशाला बोलू? देवाचा पण आला. यार्डातून निघालो, गोदाईसमोर आलो, म्हटलं मरू दे सगळं. आत गेलो अन् जेवलो. आणि तिकडं काकांचं असं झालं." त्याचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "बहिणीनं रात्री मायेनं घास भरवला तेव्हा तोंड उघडून सांगायची हिंमत झाली नाही."

हे इतकं माणसासारखं बोलणं होतं की धम्मप्रियाचा राग निम्मा झाला. खोटं बोलणारा माणूस स्वतःचा राग कबूल करतो का? तिच्या वहिनीनंही मागं एकदा नवऱ्याशी भांडून चतुर्थी मोडली होती आणि आठ दिवस सासूपासून लपवली होती.

परतताना जीपमध्ये ती एकाच गोष्टीवर अडत राहिली. उपवास मोडायचाच म्हणून हॉटेलात शिरलेला माणूस काय खाईल? जे डोळ्यासमोर येईल ते, काहीतरी चमचमीत. यादी तरी वाचेल. तिनं मल्लिनाथकडून घेतलेल्या जुन्या ऑर्डरी पाहिल्या. त्याच्या मागच्या शुक्रवारची ऑर्डर होती दोन भाकरी, भरलं वांगं, वरण, ताक. तीच, त्याच क्रमानं. म्हणजे सोमवारी त्यानं यादी वाचलीच नव्हती. निळं बटण दाबलं होतं.

पण आवडीचं ताट पुन्हा मागवणं हा काही गुन्हा नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात बसून ती अहवाल लिहायला लागली. गोदाईची व्यवस्था साहेबांना समजावी म्हणून टेबल पाचच्या स्टँडचा फोटो तिनं काढून आणला होता. तो कागदांना जोडायचा म्हणून फोनमध्ये उघडला, आणि तिचा अंगठा चुकून फोटोतल्या कोडावर जरा जास्त वेळ टेकला.

फोनवर गोदाईची यादी उघडली. वर लिहिलेलं, टेबल पाच.

धम्मप्रिया खुर्चीत ताठ झाली. समोर कोठडीचे गज होते, भिंतीवर नायगाव तालुक्याचा नकाशा. तिनं एक चहा मागवला, पैसे भरले, आणि सिंधुताईंना फोन लावला.

"ताई, टेबल पाचवर आत्ता काही आलं का?"

"एक चहा आलाय. पैसे बी आले." पलीकडं भांड्यांचा आवाज. मग सिंधुताईंचा, जरा चढलेला. "अगं बाई. पण मॅडम, पाच नंबरवर तर कोणीच बसलेलं न्हाई!"

४

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"म्हणजे फोटो असला तर घरी बसून मागवता येतं. मान्य. पण गजभारे, जेवण मागवता येतं, खाता येत नाही. ताट साफ परत आलंय. वेटर सांगतोय. मग खाल्लं कोणी, भुतानं?"

मल्लिनाथनं कोणाला तरी टेबलावर बसवलं असेल, किंवा वेटरला फितवलं असेल. दोन्ही शक्यता घेऊन ती पुन्हा नांदेडला गेली. या वेळी जेवणाची गर्दी ओसरल्यावर.

सुदर्शन तिला बघताच मागच्या दाराकडं सरकला. तिनं त्याला काही विचारलं नाही. आधी सिंधुताईंकडं गेली. आणि तिची नजर पुन्हा खिडकीच्या गजांवरच्या झिरमिळ्यांवर पडली.

"ताई, पोरींचा तो समारंभ कोणत्या दिवशी होता?"

"सोमवारी की. दुपारी बारा ते तीन. लई गोंधळ घातला पोरींनी."

"कुठल्या टेबलांवर?"

"खिडकीकडली सगळी रांग. सहा, सात, आठ एकमेकाला जोडून घेतले. वर पांढरं कापड टाकलं..." सिंधुताई बोलता बोलता थांबल्या. मग काउंटरचा खण ओढून त्यांनी आत बोट दाखवलं. "स्टँड मी सकाळीच उचलून ह्यात ठेवलेले. पोरींची पार्टी अगोदरच ठरलेली, त्यांना कोड कशाला लागतो? मंगळवारी सकाळी परत मांडले."

"म्हणजे सोमवारी दुपारी सात नंबरचा कोड टेबलावर नव्हताच."

"टेबलच नव्हतं, मॅडम! सात नंबर असा राहिलाच नव्हता त्या दिवशी."

"मग सात नंबरची चिठ्ठी निघाली तेव्हा तुम्हाला कळलं कसं नाही?"

"मी पोरींच्या बाजूला केक कापायला. स्क्रीनकडं कोण बघतं? पैसे आलेले, हिरवं झालेलं. चिठ्ठी आतल्या माणसानं पोराच्या हातात दिली असंल." त्यांनी मान वळवली. "सुदर्शन! हिकडं ये बरं."

सुदर्शन आला. हात फडक्याला पुसत राहिला.

"ताट कुठं ठेवलंस?" धम्मप्रियानं विचारलं. "खरं सांग. एक माणूस कोठडीत आहे तुझ्या बोलण्यावर."

त्याला बहुधा तेवढं कोणी सांगितलं नव्हतं.

"कोठडीत? कोण?" आणि मग बांध फुटल्यासारखा बोलायला लागला. "सात नंबर न्हवता, मॅडम. मी ताट घेऊन हिंडलो. पोरींना इचारलं, हे तुमचं का, तर त्या हसल्या. समद्या टेबलावर इचारलं. कोणीच माझं म्हणंना. बाहीर जाऊन बघितलं, कोणी न्हाई. म्हटलं आलं तर गिऱ्हाईक येईल, म्हणून मागं झाकून ठेवलं. लई येळ गेला. मी सकाळपास्न काही खाल्लं नव्हतं. पैसे तर भरलेले होते." त्यानं सिंधुताईंकडं चोरून पाहिलं. "मी खाल्लं. भांडी घासतात तिथं उभ्यानं."

"आणि मला काय सांगितलंस?"

"तुम्ही पोलीस. मला वाटलं त्या गिऱ्हाइकानं तक्रार केली, ताट मिळालं न्हाई म्हणून. ताई कामावरून काढतेन. म्हणून म्हटलं, दिलं, खाल्लं, साफ परत आलं. साफ तर होतंच की."

सिंधुताईंनी तोंडाला पदर लावला. रागावल्या होत्या की हसू दाबत होत्या ते कळलं नाही. धम्मप्रियानं वहीत त्याचं म्हणणं उतरवून घेतलं, सही घेतली आणि विचारलं, "कोणी पैसे दिले होते तुला असं सांगायला? मल्लिनाथ बिराजदार नावाच्या माणसानं?"

"न्हाई मॅडम. मी तर त्याला वळखत बी न्हाई."

ते खरं होतं. मल्लिनाथनं वेटरला फितवलं नव्हतं, कोणाला बसवलंही नव्हतं. त्यानं हिशेब एवढाच केला असणार की गर्दीच्या वेळी भरलेल्या पैशांचं ताट कुठंतरी ठेवलं जाईल, उचललं जाईल, आणि कोणाला चेहरा आठवणार नाही. एका भुकेल्या माणसानं घाबरून त्याच्या खोट्याला नकळत साक्ष दिली होती.

आता एकच गोष्ट राहिली होती. मल्लिनाथच्या तोंडून ते टेबल ऐकायची.

५

मल्लिनाथनं ठाण्यात येण्याआधी मंजुषाचा जेवणाचा डबा दवाखान्यात पोचता केला होता आणि तसं सांगितलंही. धम्मप्रियानं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. साहेब दाराशी उभे राहिले.

"कागद पुरे करायचे आहेत," ती म्हणाली. "गोदाईत तुम्ही नेमके कुठं बसलात ते लिहून घेते."

"खिडकीशी. सात नंबर. माझं नेहमीचंच टेबल आहे ते."

"एकटेच?"

"एकटाच. डोकं शांत करायला बसलो होतो. बाहेर रहदारी बघत निवांत जेवलो."

"कोड टेबलावरचाच वापरलात?"

"समोरच तर असतो. दुसरा कुठला वापरणार?"

"शेजारी कोणी होतं?"

"नाही. खिडकीकडं त्या वेळी कोणीच नव्हतं."

धम्मप्रियानं ते सगळं लिहून त्याला वाचून दाखवलं. त्यानं होकार दिला, सही केली. मग तिनं सिंधुताईंकडून आणलेला फोटो समोर ठेवला. पांढरं कापड टाकलेली लांब रांग, तिच्याभोवती कॉलेजच्या पोरी, झिरमिळ्या, केक. कोपऱ्यात भिंतीवरचं घड्याळ, त्यात दीड वाजलेला.

"सोमवारची दुपार. ही तुमची खिडकी."

तो फोटोकडं बघत राहिला.

"त्या दिवशी सात नंबरचा स्टँड काउंटरच्या खणात बंद होता," ती सांगत गेली, आवाज न चढवता. "तो तिथं कोणाला दिसू शकत नव्हता. तरी त्याच्यावरून ऑर्डर आली. म्हणजे ती कोडाच्या फोटोवरून आली. फोटो तुमच्याकडं असणार, कारण तुम्ही दर आठवड्याला तिथं बसता. यादी तुम्ही वाचली नाही, शुक्रवारचंच ताट एका बोटानं पुन्हा मागवलंत. घाई होती. घाईत सोमवारही विसरलात. नाहीतर उपवासाची खिचडी त्याच पानावर सगळ्यात वर होती, आणि ती मागवली असती तर मला पहिला संशय आलाच नसता. ताट वेटरनं खाल्लं. त्याची जबानी इथं आहे. टॉवरचा अहवाल चार दिवसांत येईल. तो काय सांगणार ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही."

बाहेर कोणीतरी सायकलला स्टँड लावला.

"मला मारायचं नव्हतं," मल्लिनाथ म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याची भाषा घसरून गावची झाली. "मी बोलायला गेल्तो. काकाला म्हटलं, माझं काय चुकलं ते तरी सांग. बारा वर्षं. ते म्हणले, तू आनंदराजवर खोटा आळ घेतलास, मला कळलंय. डाळीत भेसळ करून राहिलास ते बी कळलंय. मिल पोरीच्याच हातात ऱ्हाईल. अन् पाठ फिरवून बाजेकडं निघाले. माझं डोकं फिरलं. पहार हाताशी होती. रागात झालं, मॅडम. एका क्षणात झालं."

दाराशी उभ्या साहेबांच्या चेहऱ्यावर थोडी दया आली. त्यांनी तसा खून-मारामारीतला राग पुष्कळ पाहिला होता.

धम्मप्रियानं वहीचं पान उलटलं.

"तुमची ऑर्डर सव्वा एकची. दीडला संगप्पांनी मुलीला फोन केला, बेल आण म्हणून. तेव्हा ते धडधाकट होते. म्हणजे तुम्ही आधी इकडूनच नांदेडचं जेवण मागवलंत आणि मग मागच्या दारानं आत शिरलात." तिनं पेन खाली ठेवलं. "राग आलेला माणूस आधी साक्षीला ताट मागवून ठेवत नाही, मल्लिनाथराव."

पहार कुठं टाकली, एवढंच मग त्याला विचारावं लागलं. ती मिलमागच्या पडक्या विहिरीत सापडली.

टॉवरचा अहवाल आला तेव्हा त्यात नवं काही नव्हतं. आनंदराज त्याच्या आधीच घरी गेला होता. जाताना त्यानं ठाण्यात कोणाचे आभार मानले नाहीत, आणि धम्मप्रियाला त्यात काही गैर वाटलं नाही. सिंधुताईंनी सुदर्शनला दोन दिवस बोलून घेतलं, पण काढलं नाही. वाढणाऱ्या पोरांनी गिऱ्हाईकं यायच्या आधी जेवून घ्यायचं, असा नियम मात्र त्यांनी केला.

संगप्पांना बोलता यायला पंधरवडा लागला. जबानी घ्यायला धम्मप्रिया गेली तेव्हा मंजुषा उशाशी बसून त्यांना पेज भरवत होती. मागून वार झाला होता, तरी त्यांना सगळं आठवत होतं. पाठ फिरवायच्या आधी समोर कोण उभं होतं तेही. जबानी संपली. धम्मप्रिया कागद आवरायला लागली.

"मंजू," म्हातारा छताकडं बघत म्हणाला, "त्याला वकील दिला का कोणी?"

मंजुषानं वाटी खाली ठेवली.

"न्हाई अप्पा. अन् मी देणार बी न्हाई."

"त्याला माय न्हाई, बाप न्हाई. कोण देईल?"

"सरकार देतं. मॅडमला इचारा."

धम्मप्रियानं मान हलवली, देतं म्हणून. संगप्पांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. मंजुषानं ते पुसलं नाही, पुसायला हात पुढं करून मागं घेतला. थोड्या वेळानं ती उठली, फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेली. तिचा आवाज आतपर्यंत ऐकू येत होता.

"आनंदराजभाऊ, मी मंजुषा बोलते. अप्पांची लेक. हो... तुमचा राग मला समजतो. मी फक्त एवढंच इचारायला फोन केला की उद्या मी तुमच्या घरी आले, तर दार उघडाल का?"

पलीकडून उत्तर यायला वेळ लागत होता. ती कानाला फोन लावून उभी राहिली.